यूव्ही इंडेक्सची सूचना कोणी वाचत नाही, त्यावर काय करावं? (होम असिस्टंट, सेन्सर आणि मात्रेचा हिशोब)

गच्चीवाला
होम असिस्टंट (घरातली उपकरणं आपोआप चालवणारी प्रणाली) आमच्याकडे बऱ्यापैकी रुळलंय. दिवे, पडदे, पाण्याची मोटर सगळं बिनबोभाट चालतं. आता जरा वेगळं काम अंगावर घेतलंय. बायकोला ल्युपस (रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) आहे आणि डॉक्टरांनी उन्हापासून जपायला सांगितलंय. तिला मागच्या अंगणातलं बागकाम सोडायचं नाही, त्यामुळे 'बाहेर जाऊच नकोस' हा उपाय बाद.

सध्या ओपनयूव्ही या ऑनलाइन सेवेचं इंटिग्रेशन लावलंय; ती यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा जोर सांगणारा आकडा देते. इंडेक्स ३ च्या वर गेला की दोघांच्या फोनवर सूचना जाते. पण निरभ्र दिवसांत ती रोज साधारण त्याच वेळेला येते आणि आता दोघंही न वाचताच बाजूला सरकवतो. शिवाय फुकट खात्यात दिवसाला ५० च विनंत्या मिळतात, म्हणून आकडा अर्ध्या तासाने ताजा करतो, तोही फक्त सूर्य वर असताना.

गच्चीवर स्वतःचा यूव्ही सेन्सर बसवला तर काही फरक पडेल का? कोणी बसवलाय का? आणि सूचना कामाची व्हावी म्हणून तुम्ही काय करता?

तिरकस
एवढा खटाटोप कशाला? स्वतःची सावली बघायची. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की आत यायचं. बॅटरी नको, फर्मवेअर नको, वायफाय नको.

मिलिव्होल्ट
@तिरकस, नियम चांगला आहे, पण ३ च्या मर्यादेसाठी तो उशिरा बोलतो. सावली उंचीएवढी होते तेव्हा सूर्य ४५ अंशांवर असतो. निरभ्र आकाशासाठी एक ढोबळ सूत्र आहे: सूर्याच्या उंचीच्या कोनाचा साइन घ्या, त्याचा २.४२ वा घात करा आणि १२.५ ने गुणा. ओझोन ३०० डॉब्सन (त्याचा थर मोजायचं एकक) धरलाय, तो कमी असेल तर इंडेक्स वाढतो. यात कोन घालून बघा:

३० अंश – साधारण २.३
३४ अंश – ३.१
४५ अंश – ५.४
६० अंश – ८.८

म्हणजे सूर्य ३४ अंशांवर आला, सावली अजून उंचीच्या दीडपट लांब आहे, तेव्हाच इंडेक्स ३ ओलांडतो. जागतिक आरोग्य संघटना ३ पासूनच काळजी घ्यायला सांगते. निरोगी माणसाला सावलीचा नियम चालून जाईल, इथे मामला ल्युपसचा आहे.

@गच्चीवाला, हे सूत्र टेम्प्लेट सेन्सरमध्ये (सूत्रावरून आकडा काढणारा आभासी सेन्सर) टाकून ठेवा. सूर्याचा कोन होम असिस्टंट स्वतःच देतं, त्यामुळे इंटरनेट गेलं तरी एक आकडा हाताशी राहतो. ढग त्याला कळत नाहीत, पण ढग न कळल्यामुळे होणारी चूक सहसा सुरक्षित बाजूची असते. 'सहसा' मुद्दाम म्हटलं. विखुरलेल्या पांढऱ्या ढगांच्या कडांवरून किरण परावर्तित होतात आणि काही मिनिटं आकडा निरभ्र आकाशापेक्षाही वर जातो.

सावलीप्रिय
ढगांवरून आठवलं. आमच्याकडे 'आज आभाळ आहे, टोपी नको' हा संवाद ठरलेला. पातळ ढगांतून ९० टक्क्यांहून जास्त अतिनील किरणं आरपार येतात. आणि उकाड्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही. ऊन तापतं ते दृश्य आणि अवरक्त किरणांमुळे. थंड वाऱ्यात इंडेक्स ८ असला तरी अंगाला काही जाणवत नाही. म्हणून तापमानावर ऑटोमेशन बांधू नका. लक्स मोजणाऱ्या सेन्सरवरही नको, कारण सूर्य खाली असताना उजेड भरपूर आणि यूव्ही-बी (त्वचा लाल करणारे आखूड लहरींचे अतिनील किरण) जवळपास नाही, असं होतं.

ओझोन
माझ्या मते मूळ प्रश्न सेन्सरचा नाहीच. इंडेक्स म्हणजे वेग. त्वचेला फरक पडतो तो एकूण मात्रेने. गाडी ताशी ८० ने चाललीय एवढंच सांगितलं तर किती अंतर कापलं ते कळत नाही, तसं आहे हे. तुमची सूचना रोज फक्त वेग सांगते, बायको घरात आहे की बागेत याचा तिला पत्ताच नाही. मग कोण वाचेल?

मात्रेचा हिशोब सोपा आहे. इंडेक्सचा १ म्हणजे दर चौरस मीटरला २५ मिलिवॅट, त्वचेच्या लालीच्या हिशोबाने भारित केलेले. इंडेक्स १ एक तास राहिला तर ९० जूल होतात. १०० जूलला एक प्रमाण लाली-मात्रा म्हणतात. इंडेक्स ८ असताना २० मिनिटं उघड्यावर काढली की २४० जूल, म्हणजे २.४ मात्रा. तेच इंडेक्स ३ असताना २० मिनिटांत ९० जूल. सूचना दोन्ही वेळा एकच!

ओपनयूव्ही सहा त्वचाप्रकारांसाठी 'सुरक्षित मिनिटं' देतं ना, ती उलटी फिरवली तर पहिल्या प्रकारासाठी साधारण २५०, चौथ्यासाठी ५००, पाचव्यासाठी ८०० जूल अशी मर्यादा निघते. इंडेक्स ८ ला चौथ्या प्रकाराची ४२ मिनिटं होतात. पण ही मिनिटं त्या क्षणाच्या इंडेक्सवर काढलेली असतात. सकाळी साडेआठला 'दोन तास चालेल' असं दिसतं, आणि त्या दोन तासांत इंडेक्स दुप्पट होऊन बसतो. म्हणून मिनिटं दाखवू नका, जूल साठवत जा.

डॉक्टरीणबाई
त्वचारोगाची प्रॅक्टिस करते, म्हणून दोन शब्द. वरचा हिशोब बरोबर आहे, पण @गच्चीवाला, सहा प्रकारांचा तो तक्ता तुमच्या पत्नीला लागू होत नाही. तो निरोगी त्वचा लाल कधी होईल एवढंच सांगतो. ल्युपसमध्ये त्याहून बऱ्याच कमी मात्रेने त्रास होऊ शकतो, आणि तो त्याच दिवशी दिसेल असंही नाही. काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी चट्टे उठतात. साधी उन्हाची लालीसुद्धा १२ ते २४ तासांनी शिखराला पोहोचते, म्हणजे 'मला काही होत नाहीये' हे बाहेर असतानाचं मत धरून चालता येत नाही. पत्नीसाठी मर्यादा किती ठेवायची हे त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. प्रणालीने 'अजून शिल्लक आहे' असं त्यांना कधीही सांगू नये. 'आज इतकं झालं' एवढंच सांगावं.

दुसरं, खिडकी. साधी काच यूव्ही-बी जवळपास सगळं अडवते, पण यूव्ही-ए चा (लांब लहरींचे अतिनील किरण) मोठा भाग आत येऊ देते. ल्युपसच्या काही रुग्णांना यूव्ही-ए चाही त्रास होतो. त्यामुळे त्या दिवसभर उन्हाच्या खिडकीशी बसत असतील तर अंगणाइतकाच तोही प्रश्न आहे.

घरात कोणी डॉक्सिसायक्लिन किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइड घेत असेल तर त्यांनाही हा तक्ता लावू नका. ही औषधं त्वचेला उन्हाबाबत हळवी करतात.

मिलिव्होल्ट
खिडकीचा मुद्दा आला ते बरं झालं, कारण यूव्ही इंडेक्स खिडकीच्या आत कुचकामी आहे. लालीच्या वक्रात (कोणत्या लांबीच्या लहरी त्वचा किती लाल करतात त्याचा आलेख) २९८ नॅनोमीटरपर्यंत भार पूर्ण १ असतो, तिथून तो असा घसरतो की ३२८ ला जेमतेम ०.००१५ उरतो आणि यूव्ही-ए च्या मध्यावर, ३६० च्या आसपास, ०.०००५. काचेमागे इंडेक्स काढला तर शून्याजवळ येईल, आणि यूव्ही-ए मात्र खुशाल आत येत असेल. तिथे यूव्ही-ए वेगळा मोजावा लागतो.

गच्चीवाला
डॉक्टरीणबाई, मनापासून आभार. 'शिल्लक' दाखवणारा गेज डॅशबोर्डवरून काढून टाकला.

दरम्यान उत्साहाच्या भरात एलटीआर३९० (यूव्ही मोजणारी चिप) मागवला, ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या बोर्डाला जोडला, ईएसपीहोममध्ये (बोर्डाला होम असिस्टंटशी जोडणारं सॉफ्टवेअर) पहिल्या झटक्यात ओळखला गेला. पाणी लागू नये म्हणून पारदर्शक झाकणाच्या डबीत ठेवून गच्चीच्या कठड्यावर बसवलाय. भर दुपारी, ढगाचा पत्ता नाही, ओपन-मेटिओ (हवामान मॉडेलचे आकडे देणारी सेवा) म्हणतंय ९ आणि हा म्हणतोय ०.२. उजेडाचा आकडा मात्र व्यवस्थित येतोय. सेन्सर खराब निघाला का?

भाबडा_अभियंता
डबी पॉलिकार्बोनेटची आहे का? ते डोळ्याला पारदर्शक, अतिनीलला भिंत. चष्म्याच्या पॉलिकार्बोनेट भिंगांवर वेगळा यूव्हीचा लेप लागत नाही तो याचमुळे. झाकण दहा सेकंद काढा आणि आकडा बघा.

गच्चीवाला
काढलं. ०.२ वरून ७.६!!

भाबडा_अभियंता
:) सेन्सर ठणठणीत आहे.

आता झाकणाला सेन्सरच्या बरोबर वर भोक पाडा आणि त्यावर पातळ पांढरी टेफ्लॉनची चकती सिलिकॉनने चिकटवा. टेफ्लॉन अतिनील किरणं जाऊ देतं आणि वाटेत विखुरतं, त्यामुळे तिरप्या उन्हातही सेन्सरला त्याचा योग्य वाटा मिळतो. उघडी चिप वर बघत ठेवली तर सूर्य कलला की ती गरजेपेक्षा जास्त आंधळी होते. क्वार्ट्झची काचही चालते, पण ती विखुरत नाही. साधं ॲक्रिलिक नको, तेही बरंच खाऊन टाकतं.

चकतीने आकडा कमी होईल. ईएसपीहोममध्ये खिडकी-दुरुस्तीचा गुणक आहे, तो तिथे वापरायचा. मुळात या चिपचं गणित असं की गेन (सिग्नल किती पट वाढवायचा) १८ आणि २० बिटांवर २३०० गणती (चिपचा कच्चा आकडा) म्हणजे इंडेक्स १. चकतीने निम्मं खाल्लं तर गुणक २. निरभ्र दिवस गाठा, मध्यान्हीच्या आसपासचा ओपन-मेटिओचा 'निरभ्र आकाश' इंडेक्स घ्या आणि गुणक जुळवा. मध्यान्ह घड्याळातली नाही, सूर्य सर्वांत उंच असतो ती.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. चिपची संवेदनशीलता त्वचेच्या वक्राशी तंतोतंत जुळत नाही, ती यूव्ही-ए कडे झुकलेली आहे. दुपारी जुळवलेला सेन्सर सकाळ-संध्याकाळ थोडा चढा आकडा दाखवणारच.

रानवारा
व्हीईएमएल६०७५ का नाही? त्यात यूव्ही-ए आणि यूव्ही-बी वेगवेगळे मिळतात.

भाबडा_अभियंता
चिप छान होती, पण तिचं उत्पादन बंद झालंय. जुना साठा सापडला तर घ्या, पण त्यावर नवीन काही उभारू नका. यूव्ही-ए वेगळा हवाच असेल तर एएस७३३१ आहे, त्यात ए, बी, सी तिन्ही वाहिन्या आहेत.

तिरकस
एवढं सगळं करून, झाकणाला भोक पाडून, शेवटी आकडा 'थोडा चढा'. ओपन-मेटिओचा फुकटचा आकडा काय वाईट होता?

ओझोन
तिरकसरावांच्या बाजूने बोलायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, पण निरभ्र दिवशी ते बरोबर आहेत. ओझोन आणि सूर्याचा कोन धरून काढलेला मॉडेलचा आकडा हौशी सेन्सरपेक्षा भरवशाचा असतो. सेन्सर जिंकतो तो ढगांच्या दिवशी, कारण मॉडेलचा चौकोन काही किलोमीटरांचा असतो आणि ढग नेमका तुमच्या बागेवर आहे की पलीकडच्या गल्लीवर हे त्याला माहीत नसतं. मी दोन्ही ठेवीन. सेन्सरचा आकडा मॉडेलच्या निरभ्र आकड्यापेक्षा खूप खाली आणि आकाश मोकळं, असं दिवसेंदिवस दिसलं तर चकतीवर धूळ किंवा पक्ष्याचा प्रसाद समजावा.

गच्चीवाला
चकती बसवली, गुणक १.८ वर स्थिरावला. आता मुख्य अडचण. मात्रा साठवायची तर बायको बाहेर आहे हे घराला कळायला हवं. फोनच्या जागेवरून काही कळत नाही, कारण अंगण घराच्या हद्दीतच आहे आणि वायफाय शेवटच्या कुंडीपर्यंत पोहोचतं. मागच्या दाराला उघड-बंदचा सेन्सर आहे, पण दार उघडलं म्हणजे ती बाहेर गेली की मांजर आत आलं, काय समजायचं?

रेवा
आमच्याकडे ब्लूटूथवर करून पाहिलं. घड्याळाचा सिग्नल दोन ईएसपी३२ ऐकतात, एक स्वयंपाकघरात, एक मागच्या ओट्यावर. ज्याला जास्त जोरात ऐकू येईल तिकडे माणूस. भिंत जाड असेल तर झकास चालतं. मधे फक्त काचेचं दार असेल तर दिवसभर आत-बाहेर नाचत बसतं.

शेवटी जिंकलं ते झिगबीचं (कमी विजेवर चालणारी बिनतारी जोडणी) साधं बटण. दाराच्या चौकटीला, टोपीच्या खुंटीशेजारी चिकटवलंय. टोपी घेताना दाबायचं, 'बाहेर' चालू. आत आल्यावर पुन्हा दाबायचं. विसरलं तर? आत शिरल्यावर स्वयंपाकघरातल्या हालचालीच्या सेन्सरने ते आपोआप बंद होतं. घरात दुसरं कोणी नसेल तरच हे बरोबर चालतं, पण आमचं भागतं.

आणि एक: पत्नीला हे बटण नको वाटू शकतं. आमच्या सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं, 'मला हजेरी लावायची नाही.' मग त्यांच्यासाठी फक्त दारापाशी आकडा दाखवणारा छोटा ई-इंक पडदा ठेवला. तो बघतात, टोपी घालतात, विषय संपला.

गच्चीवाला
हजेरीचा मुद्दा लाखमोलाचा! तिलाच विचारलं. बटण चालेल म्हणाली, पण फोनवर काही नको आणि आकडे माझ्या फोनवर तर मुळीच नकोत. :D योग्यच आहे.

टेम्प्लेट असं केलंय: 'बाहेर' चालू असेल तर इंडेक्स, नाहीतर शून्य. त्यावर रीमान बेरजेचा हेल्पर (आकडा गुणिले वेळ अशी बेरीज साठवणारी सोय), आणि त्यावर रोज मध्यरात्री शून्य होणारा मीटर. पण बेरीज विचित्र येतेय. आत आल्यावर बघितलं तर शेवटच्या काही मिनिटांची मात्रा निम्मीच धरलेली दिसते.

मिलिव्होल्ट
पद्धत समलंब निवडलीय बहुतेक. तिथे दोन नोंदींमध्ये सरळ तिरपी रेघ ओढली जाते. शेवटची नोंद ८, मग बटण दाबल्यावर ०, मधे पंधरा मिनिटं गेलेली. ते यंत्र समजतं की इंडेक्स पंधरा मिनिटं हळूहळू उतरत होता. चालू-बंद होणाऱ्या आकड्याला 'डावी' पद्धत लावा, म्हणजे आधीचा आकडा पुढच्या नोंदीपर्यंत जसाच्या तसा धरला जातो.

पण डाव्या पद्धतीला अर्ध्या तासाने येणारा आकडा चालत नाही. सकाळी इंडेक्स चढत असताना ती सतत जुना, कमी आकडा धरते आणि मात्रा कमी भरते, म्हणजे नेमकी नको त्या बाजूची चूक. सेन्सरचा मिनिटागणिक आकडा असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर मॉडेलचे तासागणिक आकडे घेऊन मधलं मूल्य टेम्प्लेटमध्ये दर मिनिटाला काढा. हेल्परमध्ये जास्तीत जास्त उप-अंतराल ठरवायची सोय आहे, ती एक मिनिटावर ठेवा, म्हणजे आकडा बदलला नाही तरी बेरीज पुढे सरकते. येणारं उत्तर इंडेक्स-तासांत असेल. ९० ने गुणलं की जूल.

सावलीप्रिय
एक शंका. गच्चीवरचा सेन्सर पूर्ण आकाश बघतो. अंगणात एका बाजूला भिंत, एका बाजूला झाड. मग बायकोला मिळालेली मात्रा तेवढी कशी?

ओझोन
नाहीच. आणि उलटंही धरू नका, की सावलीत शून्य. अतिनील किरणांचा मोठा वाटा थेट सूर्याकडून येत नाही, निळ्या आकाशातून विखरून येतो. झाडाच्या सावलीतून आकाश दिसत असेल तर तो वाटा मिळतच राहतो. मी गुणक ठेवतो: उघड्यावर १, दाट सावलीत ०.५. हा अंदाज आहे, मोजमाप नाही, पण चूक झाली तरी सुरक्षित बाजूला. कोणी बर्फात किंवा वाळूवर राहत असेल तर गुणक १ च्या वर न्यावा लागेल. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत परावर्तन करतो, कोरडी वाळू साधारण १५. उंचीवर दर १००० मीटरला सुमारे १० टक्के वाढ असते, पण मॉडेल ती आधीच धरतं, दोनदा लावू नका.

डॉक्टरीणबाई
सनस्क्रीनचा गुणक कोणी लावायच्या आत सांगते: नको. बाटलीवरचा एसपीएफ दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. माणसं त्याच्या पाव ते अर्ध्यापर्यंतच लावतात, आणि बागेत घामाने, मातीने तेही पुसलं जातं. हिशोबात ३० ने भागलं तर तुमची प्रणाली भलताच धीर देईल. सनस्क्रीन भरपूर लावा, दोन तासांनी पुन्हा लावा, आकड्यात धरू नका.

रानवारा
वाचतोय. दोन तासांची आठवण तरी ऑटोमेशनने द्यावी की! 'बाहेर' चालू असेल तरच.

गच्चीवाला
ती आठवण लावली. आता असं चालतं: बटण दाबलं की दारावरचा स्पीकर फक्त त्या वेळचा आकडा आणि पुढच्या तासात तो चढणार की उतरणार एवढं सांगतो. डॉक्टरांनी ठरवून दिलेली मात्रा झाली की अंगणातला दिवा केशरी होतो. दिवसा तो फिकट दिसायचा, म्हणून हजारी मोगऱ्याच्या कुंडीमागे सावलीत हलवला. फोनवर काहीही येत नाही. इंडेक्स ३ ची जुनी सूचना बंद केली. आणि स्वतः होऊन तिने बागकाम सकाळी लवकर सुरू केलंय, कारण स्पीकरने 'चढणार' म्हटलं की तिला वैताग येतो.

खिडकीचं राहिलं. तिची वाचायची खुर्ची पूर्वेच्या खिडकीशी आहे. पडदे मोटरवर आहेत, पण सकाळभर अंधार तिला नको. काय करावं?

भाबडा_अभियंता
पडद्यासाठी सूर्याची दिशा आणि उंची दोन्ही धरा. खिडकीच्या काटकोनापासून सूर्य किती अंश बाजूला आहे आणि किती वर आहे, यावरून ऊन खुर्चीपर्यंत पोहोचतं का ते काढता येतं. पोहोचत असेल तेवढाच वेळ पडदा खाली, तोही खुर्चीच्या उंचीपर्यंतच.

त्याहून सोपं म्हणजे काचेला यूव्ही अडवणारी पारदर्शक फिल्म. नवीन काच बसवणारच असाल तर लॅमिनेटेड घ्या, तिच्या मधल्या थरामुळे साधारण ३८० नॅनोमीटरपर्यंतचं बहुतेक सगळं अडतं. गाडीची पुढची काच अशीच असते. बाजूच्या बहुतेक काचा नसतात, म्हणून तिच्या गाडीतल्या जागेचाही विचार करा.

रेवा
फिल्म चढवल्यावर ती खरंच काम करते का हे कसं कळणार?

भाबडा_अभियंता
सेन्सर हाताशी आहेच. ईएसपीहोममध्ये इंडेक्सऐवजी कच्ची यूव्ही गणती बघा. आधी खिडकी उघडून थेट उन्हात, मग लगेच बंद काचेमागे, आणि मग फिल्म लावलेल्या काचेमागे, तिन्ही वेळा सेन्सर सूर्याकडे त्याच कोनात धरून. पाच मिनिटांच्या आत उरका, म्हणजे सूर्य फारसा हललेला नसतो. ढग असेल तर दुसरा दिवस निवडा. फक्त ही चिप यूव्ही-ए चा लांब लहरींकडचा, ३८० च्या पुढचा भाग नीट बघत नाही, म्हणून गणती शून्य आली तरी 'सगळं अडलं' असं लिहू नका. फिल्मच्या तपशीलपत्रात ४०० पर्यंतचा आलेख असतो, तो बघून घ्या.